जाळाशेजारी उभा असलेला माणूस

लग्नघरातली जेवणं उरकली आणि अंगणात गोंधळाची मांडणी सुरू झाली. पाटावर नवं वस्त्र, त्यावर धान्याचा चौक, मधोमध कलश, भोवती पाच धाटं उभी करून शेंड्याशी बांधलेली. बार्शीच्या बाजूचं हे गाव, घरची कुलदेवता तुळजाभवानी. लग्नानंतर गोंधळ घातल्याशिवाय कार्य पुरं झालं असं इथे कोणी मानत नाही. एकाच्या कमरेला संबळ, दुसऱ्याच्या हाती तुणतुणं, तिसरा मुख्य गोंधळी. चौथा होता किरकोळ अंगाचा एक म्हातारा. त्याच्या हातात पितळेची बुधली होती आणि खांद्यावर जुन्या धोतराचं ओलं फडकं.

उत्तररात्री आख्यान संपलं, आई राजाचा उदो झाला आणि मुख्य गोंधळ्याने पोत पेटवला. सुती चिंध्यांचा घट्ट पीळ, तेलात मुरलेला. संबळाची लय चढली तसा तो नाचू लागला. जाळ डोक्यावर गेला, छातीसमोरून फिरला, मनगटापासून कोपरापर्यंत कातडीला हलकेच चाटून गेला. बायकांनी हात जोडले. सगळ्या अंगणाची नजर जाळावर होती. म्हातारा मात्र बघत होता नाचणाऱ्याच्या पायांकडे, मांडवाच्या कनातीकडे, पुढे सरकत चाललेल्या पोरांकडे. एकदा त्याने नुसता हात आडवा केला आणि पोरं दोन पावलं मागे गेली. एकदा पुढे होऊन त्याने पोतावर तेलाची बारीक धार सोडली आणि लगेच मागे सरला.

या अंकासाठी संपादकांनी पंचमहाभूतं हा विषय ठरवला आणि माझ्या वाट्याला तेज आलं. सूर्य, यज्ञ, चूल, वीज यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला बघायचा होता माणसाने हातात धरून खेळवलेला जाळ. त्यासाठी मी गोंधळ्यांकडे गेले, कोल्हापूरच्या तालमीत गेले, गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर गेले. तिन्ही ठिकाणची आग वेगळी, कारण वेगळं, माणसंही वेगळी. पण जिथे हा खेळ जाणत्या हातांत होता, तिथे जाळाशेजारी न नाचणारा एक माणूस उभा होताच. या लेखात मला जे सांगायचं आहे ते त्याच्याविषयी आहे.

जळते ती वाफ

कापडाला आग लागली, तेलाला आग लागली असं आपण म्हणतो. ज्योतीत जळत असते ती त्यातून निघणारी वाफ. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली. त्यांत त्यांनी वातीजवळच्या काळसर भागात काचेची नळी धरून तिथली वाफ बाहेर काढली आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पेटवून दाखवली. पोत, मशाल, पेटत्या टोकांची बनेटी यांचं सगळं शास्त्र या एका प्रयोगात आहे.

कापडात तेल आहे तोवर उष्णतेचा मोठा वाटा त्या तेलाची वाफ करण्यात खर्ची पडतो आणि कापड सावकाश काजळत राहतं. तेल संपलं की कापडच जळायला लागतं, त्याचे पेटते तुकडे गळतात. म्हणून जाणता खेळगडी पोत कोरडा पडायच्या आत विझवतो. खेळ किती वेळ चालणार हे टाळ्यांवर ठरत नाही. ते कापडात उरलेल्या तेलावर ठरतं.

दुसरी गोष्ट, उष्णता वर जाते. जाळाच्या बाजूला वीतभर अंतरावर हात धरवतो, वर तेवढ्याच अंतरावर धरवत नाही. म्हणून दिवटीचा दांडा किंचित पुढे कललेला हवा. सरळ उभा धरला तर तापलेलं तेल ओघळून मुठीवर येतं, तोंड खाली केलं तर ज्योत दांड्यावरून हाताकडे चढते.

आणि तिसरी गोष्ट वेळेची. भाजणं हे किती गरम आणि किती वेळ या दोन्हींवर असतं. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यातसुद्धा मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजते. ज्योत त्याहून कितीतरी तापलेली. तरी ती हातावरून सरकत जाते तेव्हा कातडीच्या कुठल्याही एका जागी क्षणाचाही पुरता अंश थांबत नाही, म्हणून ती जागा वाचते. हात दचकला, लय चुकली, ज्योत तिथेच रेंगाळली की फोड आलाच. गोंधळ्यांची पोरं आधी संबळाची लय शिकतात, पोत फार पुढे हातात येतो, याचं कारण मला इथे कळलं.

मुख्य गोंधळ्याला मी सकाळी विचारलं, हात भाजत नाही ही आईची कृपा मानता का? तो म्हणाला, ‘‘कृपा तर हायेच, ताई. पण आईनं डोळे बी दिलेत ना, ते कशाला? बघायलाच की.’’

बुधलीची धार

पेटत्या पोतावर वरून तेल ओतणं पाहून माझ्या पोटात गोळा आला होता. आगीजवळ इंधन नेऊ नये हा तर पहिला धडा. मग म्हाताऱ्याची धार चालते कशी?

उत्तर बुधलीतल्या तेलात होतं. प्रत्येक द्रव इंधनाला एक ठरावीक तापमान असतं. त्याच्या खाली त्यातून पेट घेण्याइतकी वाफ निघत नाही. पेट्रोलसाठी ते शून्याखाली ४० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडे कुठल्याही ऋतूत, कुठल्याही वेळी उघडं पेट्रोल पेटायला तयारच असतं. रॉकेलसाठी ते साधारण ३५ ते ४० अंशांच्या पुढे सुरू होतं. करडई, तीळ, शेंगदाणा ही खायची तेलं मात्र २०० अंशांच्या कितीतरी पुढे गेल्याशिवाय तशी वाफ देत नाहीत. बुधलीतलं थंड तेल म्हणूनच धारेवरून मागे पेटत येत नाही. ते पोताच्या पिळात जातं, तिथे तापतं, मग जळतं.

हाच हात रॉकेलची किंवा पेट्रोलची बाटली घेऊन पुढे गेला तर काय होतं? ज्योत धारेवरून उलटी चढते, बाटलीतल्या वाफेला पकडते आणि बाटलीच्या तोंडातून आगीचा लोट बाहेर फेकला जातो, बहुधा समोर उभ्या असलेल्या माणसावर. मिरवणुकीत विझत आलेल्या मशालीवर प्लास्टिकच्या बाटलीतून इंधन ओतणारी पोरं हेच करत असतात. त्यांनी हालचाल जुनी उचलली, तेल बदललं. गोंधळ्याच्या घरात ओतणं आणि तेल या गोष्टी एकत्र शिकवल्या जातात, व्हिडिओत फक्त ओतणं दिसतं.

उन्हाळ्यात तर रॉकेलचाही भरवसा नाही. विदर्भ-मराठवाड्यात चैत्र-वैशाखाच्या उन्हात ठेवलेला डबा ४० अंश सहज ओलांडतो. मग त्या डब्यातलं रॉकेल पेट्रोलच्या वाटेने जाऊ लागतं. रात्रीच्या कार्यक्रमाचं इंधन दिवसभर सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवायचं ते यासाठी.

खायच्या तेलाचेही धोके आहेत. ते धुरकट जळतं, आणि त्याचा तापलेला थेंब कातडीला चिकटून उष्णता धरून ठेवतो. म्हाताऱ्याच्या खांद्यावरचं ओलं फडकं त्या थेंबासाठी होतं. पूर्वी तमाशा, दशावतार, देवळातला उत्सव सगळं मशालींच्या उजेडात चालायचं. मशालजी नटाच्या तोंडासमोर उजेड धरायचा, तेल घालायचा, काजळी झाडायचा. वीज आली, तसं ते काम गेलं. त्या कामातलं शहाणपण उरलं ते अशा बुधलीवाल्यांपाशी.

कोरडी काठी, ओली काठी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या पटांगणात संध्याकाळी मर्दानी खेळाचा सराव चालतो. लाठी, फरी-गदगा, पट्टा, विटा हे रोजचे प्रकार. दसरा आणि शिवजयंती जवळ आली की बनेटी बाहेर निघते. बनेटी म्हणजे खांद्याइतकी लांब काठी, दोन्ही टोकांना कापडाचे गोळे. हे गोळे लोखंडी तारेने बांधतात. सुतळी वापरली तर ती आधी जळते आणि पेटता गोळा सुटून गर्दीत जातो.

वस्तादांचं वय साठीच्या पुढचं. आग लावायला कधी देता असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘‘आधी कोरडी काठी. ती डोळं झाकून फिरली पायजे. मग ओली. त्याच्या पुढं आग.’’

ओली म्हणजे पाण्यात बुडवलेली. मी समोर बसून तो धडा पाहिला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने बनेटीची दोन्ही टोकं बादलीत बुडवून उचलली आणि फिरवायला सुरुवात केली. थेंब चहूकडे उडाले. काही क्षणांत पटांगणातल्या धुळीत तिच्याभोवती ओल्या ठिपक्यांचं कडं उमटलं. वस्तादांनी मुलांना त्या कड्याजवळ नेलं. हे जिथवर आलंय तिथवर तेल येणार, त्याच्या आत कोणी उभं राहायचं नाही. मग त्यांनी तिच्या कपड्यांवरचे ओले डाग दाखवले. आगीच्या दिवशी हे डाग तेलाचे असणार. ती पुन्हा फिरवू लागली, पण आता आधी टोकं निथळून, झटकून. कडं लहान झालं, कपड्यांवरचे डाग जवळजवळ गेले.

इतका चांगला विज्ञानाचा तास मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे. फिरत्या गोळ्यातून सुटलेला थेंब वर्तुळाच्या कडेवरून सरळ रेषेत बाहेर पडतो. त्यामुळे काठी ज्या पातळीत फिरते त्या पातळीच्या रेषेत उभे असलेले प्रेक्षक सगळ्यांत धोक्यात असतात, समोरचे त्या मानाने कमी. वस्ताद उभं चक्र फिरवताना बाजूची माणसं हटवतात आणि डोक्यावरचं आडवं चक्र सुरू करायच्या आधी सगळ्याच बाजूंनी जागा वाढवून घेतात. जोरात फिरणारा जाळ डोळ्यांना अखंड कडं दिसतो, त्या कड्याच्या सौंदर्याने माणसं पुढे ओढली जातात. म्हणून दोरी धरून उभी असलेली मुलं खेळाकडे पाठ करून गर्दीकडे तोंड करतात. ही शिस्त पाळणं तरुण मुलांना जड जातं, कारण खेळ त्यांच्या पाठीमागे चाललेला असतो. त्या तालमीत हे काम पाळीपाळीने सगळ्यांना करावं लागतं, आणि ते नीट केल्याशिवाय पेटती बनेटी कोणाच्या हाती मिळत नाही.

वस्तादांची काळजी इंधनाची होती. रेशनचं निळं रॉकेल दिसेनासं झालं, तेव्हापासून पोरं काहीही भरतात, असं ते म्हणाले. त्यांच्या तालमीत पेट्रोल आणि थिनर आणणाऱ्याला खेळातून कायमचं काढलं जातं.

हरमलच्या वाळूवर

गोव्याच्या उत्तर टोकाला हरमलच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताला ढोल वाजवणारे जमतात आणि अंधार पडला की आगीचे खेळ सुरू होतात. इथे हातात असतं ते पोई. साखळीच्या एका टोकाला बोटांत अडकवायची कडी, दुसऱ्या टोकाला जळणारा गोळा, आणि अशा दोन साखळ्या. पोई मूळ न्यूझीलंडच्या माओरींची. हरकेके आणि राउपो या वनस्पतींपासून केलेले हलके गोळे दोरीला बांधून गाण्याच्या तालावर फिरवणं ही त्यांची परंपरा, आणि तिच्यात आग नाही. आग जोडली गेली ती अलीकडच्या काळात.

पॅसिफिकच्या बेटांवरच्या पेटत्या सुरीच्या नाचाची जन्मकथा तर आपल्यापर्यंत येऊन पोचते. सामोआच्या फ्रेडी लेतुली यांनी १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, आपल्या बेटावरच्या योद्ध्यांचा सुरीचा नाच आगीसह पहिल्यांदा केला. तिथल्या एका बागेत सराव करताना त्यांना एक हिंदू आग-खाऊ खेळगडी आणि टोकांना दिवे लावलेली छडी फिरवणारी एक मुलगी दिसली, आणि त्यावरून त्यांनी सुरीच्या टोकांना टॉवेल गुंडाळून पेटवले, अशी हकिकत नोंदलेली आहे. आज तो नाच सामोआची ओळख आहे. १९९३ पासून हवाईत त्याची जागतिक स्पर्धा होते. तो हिंदू खेळगडी कोण होता, कुठल्या गावचा, याची नोंद कोणी ठेवली नाही याचं मला वाईट वाटतं.

हरमलला मला भेटलेली तरुणी मुंबईहून आलेली, लग्नांच्या मोसमात मोठ्या हॉटेलांतून खेळ करणारी. तिच्या गोळ्यांवर केव्हलरची पट्टी होती. हा धागा १९६५ मध्ये अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून निघाला. तो उष्णतेने वितळत नाही आणि सुती कापडापेक्षा फार उशिरा खराब होतो, म्हणून एक गोळा पुष्कळ खेळ टिकतो.

तिची तयारी बघण्यासारखी होती. इंधनाचा पत्र्याचा डबा खेळाच्या जागेपासून बराच लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला, म्हणजे ठिणगी तिकडे उडत जाणार नाही. गोळे बुडवले की झाकण बंद. मग ते डब्याजवळच निथळायचे, जास्तीचं रॉकेल वाळूवर सांडू द्यायचं नाही. हात पुसायचे, आणि डब्यापासून दूर आल्यावरच काडी ओढायची. गोळा गरम असताना पुन्हा बुडवायचा नाही. दारू प्यायलेल्या माणसाला साखळी द्यायची नाही, तो कितीही मोठा कलावंत असो.

आणि हे सगळं झाल्यावर तिने आजूबाजूला बघून विचारलं, ‘‘सेफ्टी कोण करतंय?’’

सेफ्टी हे इथे माणसाचं नाव आहे. एक मुलगा ओला सुती टॉवेल दोन्ही हातांत पसरून उभा राहिला, शेजारी वाळूत आग विझवायचं सिलिंडर. त्यांच्यात शब्द ठरलेले होते. केस, डावा खांदा, उजवा पाय. जिथे पेट घेतला त्या जागेचं नाव मोठ्याने घ्यायचं, कारण नाचणाऱ्याला स्वतःची पाठ दिसत नाही. टॉवेल झटकायचा नाही, झटकल्याने हवा मिळून आग वाढते. तो पेटल्या जागेवर ठेवून दाबायचा आणि धरून ठेवायचा. बार्शीकडचा तो म्हातारा आणि हा मुलगा एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण दोघांना एकच विद्या येते.

तोंडातलं रॉकेल

हातातल्या आगीच्या खेळांत एक प्रकार असा आहे की त्याबद्दल तिन्ही ठिकाणच्या जाणत्यांनी एकच सांगितलं, करू नका. तोंडात रॉकेल घेऊन मशालीवर फुंकायचं आणि आगीचा लोट काढायचा. मिरवणुकांत हा प्रकार पोरं सर्रास करतात.

दाढीमिशा जळणं, ओठ भाजणं हा त्यातला दिसणारा धोका. न दिसणारा धोका फुप्फुसांचा आहे. रॉकेल पाण्यापेक्षा सहज पसरतं. ठसका लागून त्याचा अगदी थोडा भाग श्वासनळीत गेला तरी तो फुप्फुसांत झरझर पसरतो आणि आतल्या नाजूक पडद्याला सूज आणतो. काही तासांत खोकला, ताप, छातीत दुखणं, धाप. आग गिळणाऱ्यांचा न्यूमोनिया या नावाने वैद्यकात याची वेगळी ओळख आहे, आणि त्याने माणसं दगावलेली आहेत. असं झालं तर उलटी काढायचा प्रयत्न करू नये, कारण वर येताना रॉकेल पुन्हा श्वासनळीत शिरतं. त्या माणसाला थेट दवाखान्यात न्यावं आणि तोंडात काय घेतलं होतं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. घरच्यांचा ओरडा बसेल म्हणून मुलं हेच लपवतात.

कापड, घोंगडी आणि नळाचं पाणी

गोंधळ्याचा जुना झगा सुती असतो. हल्ली पथकांचे गणवेश चमकदार आणि स्वस्त कापडाचे असतात, बहुतेक पॉलिस्टर. सुती कापड पेटतं, पण विझवता येतं. पॉलिस्टर आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटतात आणि चिकटलेल्या जागी भाजत राहतात. आगीचा खेळ करणाऱ्याच्या अंगावर सुती किंवा लोकरीचंच कापड हवं, अंगासरशी बसणारं. फेट्याचा शेमला खोचलेला हवा, केस बांधलेले हवेत.

लोकर हा आपल्याकडचा विसरलेला आधार आहे. ती सहज पेटत नाही, वितळत नाही, आणि जाळ दूर केला की बहुधा आपणच विझते. धनगरी घोंगडी पाण्यात भिजवून पिळून ठेवली तर विझवायला तिच्याइतकं चांगलं साधन खेडेगावात दुसरं नाही. माणसाच्या कपड्यांनी पेट घेतला तर त्याने पळायचं नाही, जमिनीवर आडवं होऊन लोळायचं, आणि जवळच्याने घोंगडी पांघरून दाबून धरायची.

भाजल्यावर काय करायचं याचे आपल्याकडे शंभर उपाय आहेत, आणि त्यांतले नव्व्याण्णव अपाय आहेत. हळद, शाई, तूप, टूथपेस्ट, बर्फ यांतलं काहीही लावू नये. नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं सोडायचं. वीस मिनिटं हा फार मोठा वेळ वाटतो, माणसं दोन मिनिटांत थांबतात. पण वरून गार वाटली तरी कातडीच्या आत उष्णता काम करत असते, आणि ती काढायला तेवढा वेळ लागतो. लहान मूल असेल आणि भाजलेला भाग मोठा असेल तर बाकीचं अंग ऊबदार ठेवावं. अंगठ्या, बांगड्या, मनगटातले दोरे सूज यायच्या आत काढावेत. चिकटलेलं कापड ओढू नये. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून दवाखान्यात न्यावं, १०८ला फोन करावा. जखमीचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, त्याच्या शरीराच्या साधारण एक टक्का असतो, त्यावरून किती भाजलं याचा अंदाज डॉक्टरांना फोनवरही देता येतो. तोंड, हात, सांधे भाजले असतील तर जखम लहान असली तरी डॉक्टर हवेतच.

बिदागी चौघांची

गोंधळ संपल्यावर यजमानांनी बिदागी दिली, तेव्हा ती चार भागांत वाटली गेली. बुधलीवाल्याचा भाग कमी नव्हता. मुख्य गोंधळ्याला त्यात विशेष काही वाटलं नाही, त्यांच्यात पहिल्यापासून तसंच आहे. हरमलच्या तरुणीने मात्र वेगळं सांगितलं. लग्नाच्या सुपाऱ्यांत आयोजक नाचणाऱ्याचे पैसे देतात, सेफ्टीचे विचारले की म्हणतात, तो तर नुसता उभा असतो. मग काही कलावंत त्याला न नेताच जातात.

माझा या लेखातला सगळा आग्रह या एका जागेशी येऊन थांबतो. आगीचे खेळ बंद करा असं मी म्हणणार नाही. पोत ही भक्ती आहे, बनेटी ही कसरत आहे, पोई ही कला आहे, आणि जाळ हातात धरण्याची माणसाची ओढ फार जुनी आहे. पण हे खेळ एकट्याचे कधीच नव्हते. व्हिडिओ बघून शिकणाऱ्या मुलांना चौकटीत फक्त नाचणारा दिसतो, दुसरा माणूस चौकटीबाहेर राहतो, आणि ती मुलं त्याच्याशिवायच काडी ओढतात.

तो माणूस पुन्हा चौकटीत आणणं आपल्या हातात आहे. मंडळाने पथक ठरवताना, लग्नघराने सुपारी देताना, शाळेने स्नेहसंमेलनात मशाल नाचवायची म्हणताना आधी विचारावं: इंधन कोणतं, कपडे कशाचे, आणि जाळाशेजारी कोण उभं राहणार? शेवटच्या प्रश्नाला नाव मिळालं नाही तर कार्यक्रम दिव्यांवर करावा. नाव मिळालं तर ते पत्रिकेत नाचणाऱ्याच्या नावाशेजारी छापावं आणि त्याची बिदागी नाचणाऱ्याइतकीच ठेवावी.